चौथा पट्टा

हेलिकॉप्टरच्या कंपनीत आहे म्हटलं की लोक मला पायलट समजायचे. मांजर्लीत आमच्या बिल्डिंगमध्ये तर हा गैरसमज वर्षभर टिकला, आणि खरं सांगायचं तर मीही तो दूर करायची फारशी घाई केली नाही. माझं काम जमिनीवरचं होतं. सकाळी हेलिकॉप्टरला चाकं लावून ढकलत बाहेर आणायचं, पुसायचं, इंधन भरायचं, उडताना-उतरताना समोर उभं राहून हातांनी खुणा करायच्या आणि संध्याकाळी बांधून ठेवायचं. ते वर असलं की आम्ही दोघं खाली चहा प्यायचो.

दोघं म्हणजे मी आणि तो. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तो हक्क मी घालवला आहे. तो विठ्ठलवाडीचा, बस डेपोमागच्या चाळीतला. सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं त्या दोन्ही वर्षी सगळ्यांच्या आधी तोच पोचला होता, आणि फ्रिज जिन्यावर चढवताना वर मलाच दम देत होता. त्याला सगळं मोजायची सवय. पाने, स्क्रू, चहाचे ग्लास, माझ्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा. मी त्याला इन्स्पेक्टर म्हणायचो. तो मला भटजी म्हणायचा, कारण हातमोज्यांची नवी जोडी आली तरी मी तिला हळदकुंकू लावायचो. तो बौद्ध घरातला, पूजाअर्चा करायचा नाही. माझी यथेच्छ चेष्टा करायचा, पण मी उदबत्ती पेटवत असलो की काडी विझू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून तोच उभा राहायचा.

आमची जागा अंबरनाथ पूर्वेच्या बाहेर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात होती. मालकाने ती घेऊन काँक्रीट ओतलं, पत्र्याची शेड उभारली आणि एक हेलिकॉप्टर आणून ठेवलं. एकच, पण त्याला काम भरपूर. आमच्या भागात जमिनींना भाव आला तशी नवरदेवाने आकाशातून उतरायची हौसही वाढली. कधी देवळावर फुलं टाकायची, कधी कुणाच्या शोरूमचं उद्घाटन. शेतात, क्रिकेटच्या मैदानात, कुठेही उतरायचो. पाहुणेमंडळी आरतीचं ताट घेऊन थेट फिरत्या पंख्याखाली धावायची आणि आम्ही दोघं हात पसरून त्यांना अडवायचो. करवल्यांच्या शिव्या खाल्ल्यात आम्ही. इतक्या लग्नांत कुणाला साधं खरचटलं नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

हेलिकॉप्टर उघड्यावर राहणार असेल तर ते जमिनीला बांधावं लागतं. त्याला खाली दोन लांब नळ्यांचे पाय असतात, त्यांना स्किड म्हणतात. आमच्या काँक्रीटमध्ये चार लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. प्रत्येक कडीपासून स्किडपर्यंत एक पट्टा, दोन्ही टोकांना हूक, आणि विसरायला नको म्हणून प्रत्येक पट्ट्याला लाल रिबन. उडण्याआधी चारही पट्टे सोडायचे आणि हातात उंच धरून कॅप्टनना, म्हणजे आमच्या पायलटना, दाखवायचे. काचेआडून त्यांनी अंगठा वर केला की मग इंजिन. त्याआधी कॅप्टन स्वतः एक चक्कर मारायचे. त्यांची कंबर धरायची, त्यामुळे ते वाकण्याऐवजी प्रत्येक कडीवर बुटाचं टोक आपटायचे. रिकामी कडी आडवी पडते आणि वाजते. पट्टा असला तर वाजत नाही. चार वेळा टक् ऐकू आलं की ते आत चढून बसायचे.

पट्ट्यांसोबत आलेल्या मूळ रिबनी उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या, म्हणून मी उल्हासनगरच्या बाजारातून लाल सॅटिन आणलं. सिंधी दुकानदाराने विचारलं, साईं, देवी के लिए? मी म्हटलं, हेलिकॉप्टर के लिए. त्याला वाटलं मी त्याची मस्करी करतोय. आईने त्या कापडाच्या पट्ट्या कापून कडा शिवून दिल्या, आणि हातभर तुकडा उरला तो मी शेडमधल्या कपाटात ठेवला.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला शेडचे पत्रे बदलायचं काम चालू होतं. त्यामुळे हेलिकॉप्टर आठवडाभर बाहेरच होतं. दसऱ्याला तो सुट्टीवर असायचा. त्यांच्याकडे त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात, आणि त्या वर्षी त्याची मुलगी सगळ्यांसमोर वंदना म्हणणार होती. आठ वर्षांची होती. तो पंधरा दिवस कामावर तेच सांगत होता.

त्या दिवशी मी एकट्याने पट्टे लावले, चारही, नीट ओढून. मग पूजा मांडली. आमच्या शेताच्या उरलेल्या तुकड्यात आई झेंडू लावते. तिने पहाटेपासून बसून माळा केल्या होत्या. पूजेसाठी मी डाव्या स्किडच्या मागच्या कडीजवळची जागा निवडली. का, तर तिथे सावली होती. दोन वर्षं मी या प्रश्नाचं दुसरं काही उत्तर मिळतंय का ते बघतोय. सावली होती, एवढंच. उरलेला लाल सॅटिनचा तुकडा अंथरला, त्यावर तांदूळ, नारळ, पाने, पक्कड, आपट्याची पानं. सगळ्यात जाड माळ त्या स्किडला गुंडाळली, पट्ट्यावरूनच, खाली कडीपर्यंत. कडी, हूक, रिबन, सगळं फुलांत गेलं. फार सुंदर दिसत होतं. मी फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, झकास भटजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाढदिवसाची मंडळी आणायला मशीन जाणार होतं. मी सातला पोचलो. पुढचे दोन पट्टे सोडले, मागचा उजवा सोडला. चौथ्या जागी पूजा होती. पूजा अशी ओढून काढत नाहीत. अक्षता वाहायच्या, नारळ जरा हलवायचा, मग उचलायचं. ते मी सगळं केलं. पाने, पक्कड जागेवर ठेवली, तांदूळ पिशवीत भरले, खालचं लाल कापड झटकून उचललं. माळ तशीच राहू दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बघा, रिक्षा, टेम्पो, बस, सगळ्यांना माळा असतात. सुकेपर्यंत कुणी त्या ओरबाडून काढत नाही. एवढ्यात मालकाचा फोन आला की कॅप्टन फाटकाशी आलेत, पटापट आटपा. मी फोन कानाला लावूनच निघालो. हातात तीन पट्टे आणि ते कापड.

तेवढ्यात तो आला. त्याची वेळ साडेसातची, पण त्या दिवशी तो लवकर आला होता. गाडी स्टँडवर जेमतेम लावली आणि हेल्मेट न काढताच तरातरा माझ्याकडे आला.

"चारही?" त्याने विचारलं.

मी हाताकडे बघितलं. लाल, लाल, लाल, लाल.

"हो रे बाबा, चारही," मी म्हणालो.

तो तोवर मागच्या बाजूला दोन पावलं गेलेला होता. माझं उत्तर ऐकून थांबला. एकदा फुलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हेल्मेट काढून आग विझवायचा सिलिंडर आणायला गेला. तो कधीही कुणाच्या तोंडी हिशेबावर विसंबत नसे. त्या दिवशी विसंबला.

कॅप्टननी चक्कर मारली. टक्. टक्. टक्. चौथ्या जागी त्यांनी पाय उचलला आणि मागे घेतला. हळदकुंकवाला, पूजेच्या फुलांना बूट कोण लावेल? दुखऱ्या कमरेनिशी ते वाकले, माळेला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. इतका शिकलेला माणूस, पण मानतो, असं मनात आलं. चौथा आवाज झाला नाही हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता रोज येतं.

मी लाल गुच्छ उंच धरला. कॅप्टननी अंगठा दाखवला. इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला, आणि तो डाव्या बाजूला ठरलेल्या अंतरावर सिलिंडर घेऊन उभा राहिला. जागेवर, नियमाप्रमाणे.

वासराचा एक पाय खुंट्याला बांधलेला असला आणि त्याने उडी मारली की ते बांधलेल्या पायावरच आडवं पडतं. हेलिकॉप्टर तसंच पडलं. उजवा पाय उचलला गेला, डावा उचललाच नाही, आणि काय होतंय हे कळायच्या आत ते कुशीवर आलं. पंख्याची पाती काँक्रीटवर आपटली आणि त्यांचे तुकडे उडाले. मी समोर होतो. मला धूळ लागली, बाकी काही नाही. मी त्याच्याकडे धावलो तेव्हा तो उताणा पडला होता आणि सिलिंडरची मूठ अजून त्याच्या हातात होती. मी इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टर अशा हाका मारत राहिलो. नावाने हाक मारायचं मला सुचलंच नाही. उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

कॅप्टन वाचले. त्यांचं मांडीचं हाड मोडलं.

चौकशीला दोन अधिकारी आले. पट्टा हुकासकट तसाच सापडला, चेंगरलेल्या झेंडूत. त्यांनी मला विचारलं, पट्टे दाखवले होते का? दाखवले होते. कॅप्टननी पाहणी केली होती का? केली होती. आणि उडण्याआधी तुमच्यात आणि मयतात काही बोलणं झालं का? मी म्हणालो, नाही. त्या कागदावर माझी सही आहे. त्यातली बाकीची सगळी वाक्यं खरी आहेत. पुढे मी ते दुरुस्त करून लेखी दिलं, पण ते फार नंतर.

अहवाल आला. त्यात ग्राउंडच्या लोकांच्या निष्काळजीपणाचा उल्लेख होता, पण मुख्य कारण एका ओळीत लिहिलं होतं: वैमानिकाची चूक. कॅप्टननी काहीच खळखळ केली नाही. जबाबदारी माझीच, असं त्यांनी इस्पितळातून लिहून दिलं होतं. मला त्या ओळीचा इतका राग यायचा, आणि तितकंच सुटल्यासारखंही वाटायचं. या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात एकत्र कशा राहतात ते मला विचारू नका. राहतात.

त्याच्या पुण्यानुमोदनाला कॅप्टन आले होते, दोन कुबड्यांवर. चाळीत वर यायला जिना होता. ते खालीच थांबले. वहिनींचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, भाऊ खाली गेले आणि हात जोडून म्हणाले, साहेब, तुम्ही आत येऊ नका. कॅप्टन मान हलवून परत फिरले. मी गॅलरीतून बघत होतो. मी आत होतो, पंगतीत वाढत होतो, सगळे मला घरचा म्हणत होते. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी ताटात भात वाढला.

मग मी घरच्यासारखाच वागत राहिलो. दर रविवारी विठ्ठलवाडीला जायचो. नळ बदलला, पंखा दुरुस्त केला, मुलीला शाळेच्या पिकनिकच्या बसपर्यंत सोडलं. वहिनी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला लागल्या. बोलायच्या कमी. एक मात्र मी पुष्कळदा ऐकलं होतं. मुलगी डबा किंवा कंपास विसरली की त्या म्हणायच्या, विसरलीस ना, अगदी पप्पांवर गेलीस. आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या. मला ते कधी पटायचं नाही. तो कुठे काही विसरायचा? पण बायकोला नवऱ्याचं जे दिसतं ते मित्राला दिसत नसेल, असं म्हणून मी सोडून द्यायचो. मुलगीही मग दप्तर भरताना बोटं दुमडून मोजायला लागली. वही, वही, कंपास, डबा, पाणी. परत पहिल्यापासून.

या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वहिनींनी मला फोन करून बोलावलं. मी गेलो तर त्या बाहेर जायचे कपडे करून बसल्या होत्या. मुलगी पलंगावर पोटावर पडून चित्र रंगवत होती. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या की कॅप्टनचा पत्ता त्यांनी मिळवलाय. ते आता उडवत नाहीत, काठी घेऊन चालतात, घरीच असतात. मला त्यांच्याकडे घेऊन चला, म्हणाल्या.

मला वाटलं, दोन वर्षांनी त्यांना जाब विचारायचा असेल. मी म्हटलं, वहिनी, आता भांडून काय होणार?

"भांडायला नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माफी मागायची आहे मला. चूक त्यांची नव्हती. आमच्या यांची होती."

मी ग्लास खाली ठेवला. त्या बोलत राहिल्या, हळू, जमिनीकडे बघत. दसऱ्याच्या दिवशी विहारात मुलीची वंदना झाली आणि हे दोघं मागे बसले होते तेव्हा माझा फोटो आला. त्याने तो मोठा करून बघितला. म्हणाला, याने मागच्या डाव्या कडीवरच पूजा मांडलीय, पट्टा दिसतच नाहीये. त्या म्हणाल्या, मग सांगा ना त्यांना फोन करून. तो म्हणाला, नको, सणाचा दिवस आहे, इतक्या हौसेने केलंय त्याने. आणि मी पूजेबद्दल काही बोललो की तो मनाला लावून घेईल, उगाच वेगळा अर्थ निघतो. उद्या मी लवकर जातो आणि तो पट्टा मीच सोडवतो. त्याला कळणारसुद्धा नाही. मग त्याने मला झकास म्हणून पाठवलं.

"सकाळी चहाही न घेता गेले," वहिनी म्हणाल्या. "आणि तिथे जाऊन विसरले. एवढं एकच काम होतं. दोन वर्षं मी कुणाला बोलले नाही. लोक कॅप्टनला शिव्या घालत होते आणि मी ऐकत होते. माझ्या भावाने त्यांना खालून घालवलं, तेव्हाही मी गप्प बसले. मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं, असं वाटलं. पण रात्रंदिवस मी त्यांच्या फोटोशी भांडते. कसे विसरलात, म्हणते."

भिंतीवर बुद्धमूर्तीच्या फळीखाली त्याचा फोटो होता. मी तिकडे बघितलं नाही. खोटं बोलायची ही शेवटची सोय होती. मी नुसतं चला म्हणालो असतो, त्यांना कॅप्टनकडे नेलं असतं, तर त्या त्याच्या वतीने माफी मागून मोकळ्या झाल्या असत्या आणि मी कायमचा सुटलो असतो. दोन वर्षांत तेवढी लाज माझ्यात उरली होती का, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"वहिनी, तो विसरला नव्हता," मी म्हणालो. "त्याने मला विचारलं होतं."

त्यांनी मान वर केली. "काय विचारलं? नेमकं काय?"

"चारही?"

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हणालो. तीन होते. चौथं पूजेचं कापड होतं. रिबनींच्याच लाल सॅटिनमधलं."

मग मी सगळं सांगितलं. तो गाडीवरून उतरून धावत कसा आला, हेल्मेटही काढलं नव्हतं, त्या पायाच्या दिशेने दोन पावलं कशी टाकली होती आणि माझा शब्द ऐकून कसा थांबला. अधिकाऱ्यांना काय सांगितलं तेही सांगितलं. मी रडत होतो. त्या रडत नव्हत्या. मी बोलायचं थांबलो की त्या एकच विचारायच्या, दोन पावलं? आणि मी म्हणायचो, हो, दोन. आमच्यासाठी जिवाला जीव देणारा माणूस आम्ही दोघांनी दोन बाजूंनी बुडवला होता. मी गप्प राहून आणि त्यांनी त्याला विसराळू ठरवून. त्यातला त्यांचा वाटाही माझ्यामुळेच.

खाली डेपोत बसेस लागत होत्या, सुटत होत्या. वहिनींनी पर्स उघडून कॅप्टनच्या पत्त्याचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "एकटे जा. आणि मग इथे येऊ नका, भाऊजी. निदान काही दिवस तरी नको."

मी कागद खिशात घातला. त्या उठून पलंगापाशी गेल्या, मुलीशेजारी बसल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. तिने रंगाची कांडी केव्हाच खाली ठेवली होती. ती आता दहा वर्षांची आहे, सगळं ऐकते.

"ऐक," वहिनी तिला म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फुटला. "पप्पा विसरले नव्हते गं. मी तुला उगाच बोलायचे. ते काहीच विसरले नव्हते."

मुलीने आईकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि तिच्या बापासारखाच सरळ प्रश्न विचारला. "मग कोण विसरलं?"

मी दारात चपला घालत होतो, तिथून मागे वळलो.

"मी," म्हणालो.